रावजीचा घरजावई

जव्हारच्या आठवडी बाजारात भर गर्दीत उभा राहून मी खणखणीत आवाजात ओरडायचो, "साऽवधान!" माणसं दचकून बघायची, पोरं हसायची आणि मिठाचा व्यापारी मला उघड उघड वेड्यात काढायचा. पण त्याच गर्दीत एखादा माणूस असा निघायचा, की डोक्यावर गोणी असो नाहीतर कडेवर पोर, त्याच्या टाचा आपोआप जुळायच्या आणि छाती पुढे यायची. मग मी पुढे होऊन त्याचा हात धरायचो. आमचं गिऱ्हाईक सापडलेलं असायचं.

आमची नोकरीच तशी होती. लढाईवरून परत आलेले सैनिक आणि त्यांची कुटुंबं यांच्या मदतीसाठी जिल्ह्याला, म्हणजे ठाण्याला, एक कचेरी होती. तिचा जव्हार-मोखाड्याकडचा माणूस म्हणजे मी. मदत करायची तर आधी माणूस सापडायला हवा, आणि आमच्या डोंगरात माणूस सापडणं हेच अर्धं काम. पलटणीतून सुटला की तो आपल्या पाड्यावर जायचा, अंगातला कोट खुंटीला टांगायचा आणि नांगर धरायचा. आपल्याला सरकारकडून काही मिळू शकतं, हे त्याच्या गावीही नसायचं. पत्र टाकावं तर वाचणार कोण? म्हणून मी ही बाजारातली युक्ती काढली. ठाण्याच्या साहेबांना ती कळली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हवालदार, हे नियमात बसतं का?" मी म्हटलं, "साहेब, नियमात बसत नाही, पण बाजारात बसतं."

हवालदार म्हणून मला सगळे ओळखत, पण खरं सांगायचं तर मी पलटणीच्या कचेरीतला कारकून-हवालदार. बंदूक चालवली ती चांदमारीच्या मैदानावर, आणि तिथेही माझ्या गोळ्यांपासून फक्त निशाणच सुरक्षित असायचं. लढाई संपल्यावर गावी आलो आणि दरबारच्या कचेरीत चिकटलो. वर्षा-दोन वर्षांत संस्थानच विलीन झालं. कचेरीवरची पाटी बदलली, खुर्च्या आणि ढेकूण तेच राहिले. नव्या सरकारला जव्हारचा आणि खाकी घातलेला, असा एकाच अंगात दोन्ही असलेला माणूस हवा होता. तो मी निघालो.

त्या काळात सैनिक मला काय काय विचारत! एकाने कनवटीला बांधलेलं पदक काढून दाखवलं. त्यावर विलायतेच्या राजाचं तोंड. "हवालदार, ह्यो राजा गेला. आपला जव्हारचा पन गेला. आता ह्यो बिल्ला चालतो काय?" मी म्हटलं, "बिल्ला चालतो, राजा नाही चालत." त्याने समाधानाने पदक पुन्हा कनवटीला बांधलं.

पण मला आज सांगायचं आहे ते मुलांच्या शिक्षणाचं. सैनिकांच्या मुलांनी मॅट्रिकच्या पुढे शिकावं म्हणून नाशिकला एक वसतिगृह होतं. राहणं, जेवण, कॉलेजची फी, पुस्तकं, सगळं त्यात आलं. आणि पुढे मुंबईत-पुण्यात मोठं शिक्षण घ्यायचं तर तिथेही तीच सोय मागे यायची. अट एकच, मूल सैनिकाचं पाहिजे. मागासवर्गीयांच्या सरकारी शिष्यवृत्त्याही तेव्हा सुरू झाल्या होत्या, नाही असं नाही. पण त्या हातात पडेपर्यंत परक्या गावात झोपायचं कुठे आणि खायचं काय, हा प्रश्न उरायचाच. आमच्या पाड्यांवरच्या माणसांचे नाशिकमध्ये कोण नातेवाईक बसले होते!

रावजी मला असाच 'सावधान'वर सापडला. वांगणीकडच्या एका पाड्यावरचा. डोक्यावर मिठाची पिशवी, गुडघ्यापर्यंत धोतर, एक पाय किंचित ओढत चालणारा. हाक ऐकली आणि जागच्या जागी खांबासारखा ताठ. ब्रह्मदेशात खेचरांच्या तुकडीत होता. तोफांचे सुटे भाग आणि दाणागोटा खेचरांवर लादून चिखलातून डोंगर चढवायचे, ही त्याची लढाई. एका उतारावर खेचर अंगावर आलं आणि पाय गेला तो कायमचाच अधू झाला. त्याबद्दल त्याच्या मनात खेचराविषयी काडीचाही राग नव्हता. "त्याचा काय कसूर? तो पन हुकमावरच होता," म्हणायचा.

त्याच्या घरी गेलो तेव्हा घरात चौघं होती. रावजी, त्याची बायको बुधी, मुलगी चैती आणि जानू. जानूचे आईबाप देवीच्या साथीत गेलेले. रावजीला मुलगा नव्हता, म्हणून लढाईवरून आल्याबरोबर त्याने या पोराला घरजावई म्हणून आणलं होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या पाड्यांवरच्या आदिवासींत ज्याला मुलगा नाही तो जावयालाच घरी आणतो. लग्नात नवऱ्याकडून मुलीच्या बापाला देज द्यावं लागतं. घरजावई ते देत नाही, त्याऐवजी काही वर्षं सासऱ्याच्या शेतात राबतो. ते राबणं पुरं झालं की लग्न, आणि सासऱ्यामागे शेत त्याचं. तोवर तो घरातल्या मुलासारखाच असतो आणि सासरा चारचौघांत त्याला "माझा पोर" असंच म्हणतो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

फरक एवढाच, की रावजीने आपल्या घरजावयाला शाळेत घातलं. हे पाड्यावर कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. राबायला आणलेलं पोर जव्हारच्या शाळेत बसवून ठेवायचं, आणि नांगर सासऱ्याने लंगडत धरायचा! मी रावजीला कारण विचारलं. तो म्हणाला, "पलटनीत ज्याला वाचाया येई तो तंबूत, न् ज्याला नाय तो चिखलात. मी बघलां ना!" मग थोडं थांबून खरं कारण सांगितलं. "आमच्याकडं खेचरांचा डाक्टर होता. मानसांचा डाक्टर आमाला विचारी, कठं दुखतां. खेचर तर काय बोलत नाय. तरी ह्याला समजे. हात लावी न् समजे. हवालदार, ती विद्या मोठी हाये. माझा पोर ती शिकल."

जानूही तसाच होता. सुट्टीत घरी आला की पाड्यावरची आजारी गुरं त्याच्याकडे यायची, म्हणजे माणसं ओढून आणायची. शाळेत हुशार, बोलायला कमी. चैतीच्या आणि त्याच्या लग्नाची सगळ्यांनाच खात्री होती, त्या दोघांना तर फारच. नदीवरून पाणी आणताना ती मागे पडली की हा उगाच थांबून पायातला काटा काढायचा. एवढे काटे त्या वाटेवर नव्हते.

मॅट्रिकच्या वर्षी त्याने माझा जीव खाल्ला. परीक्षा मार्चमध्ये, आणि मार्चमध्येच होळी. आमच्या भागात होळीला घरी नसणं म्हणजे जातीतून गेल्यासारखं. परीक्षा तोंडावर आणि सैनिकांची सगळी पोरं जव्हारच्या शाळेच्या वसतिगृहातून पसार. मास्तर म्हणाले, गेलं यांचं वर्ष वाया. मी मास्तरांशी वाद घातला नाही. चार जुने सैनिक गोळा केले आणि पाड्यापाड्यावर धाडले. त्यांनी पोरांना पकडून आणलं नाही. पोरांच्या आईबापांना, ढोल-तारप्यासकट, जव्हारला आणलं. होळी शाळेमागच्या माळावर पेटली. आईबाप रात्रभर नाचले, पोरं सकाळी पेपराला बसली. दोघं पेपरातच झोपली, पण बाकीची तरली. जानू तर चांगल्या मार्कांनी तरला.

आता नाशिक. मी कागद तयार केले आणि नात्याच्या जागी जे खरं होतं तेच लिहिलं, घरजावई. आठवड्याभरात ठाण्याहून बोलावणं आलं. आमचे साहेब निवृत्त कॅप्टन, घाटावरचे, स्वच्छ मनाचे पण सगळं सरळ रेषेत लागणारे.

"हवालदार, हा घरजावई म्हणजे लग्न झालेलं आहे का?"

"नाही साहेब. व्हायचंय."

"मग जावई कसा?"

"व्हायचाय साहेब."

"आणि आत्ता तो कोण आहे?"

"आत्ता मुलगा आहे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मुलीचं ज्याच्याशी लग्न करायचं, तो आत्ता मुलगा?"

"तसंच आहे साहेब."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो."

आले. जव्हारपर्यंत जीपने आणि पुढे माझ्यामागून पायी. रावजी पलटणीचा कोट घालून, उन्हात घाम गाळत, अंगणात उभा. पाड्याचा म्हातारा कारभारी आणि पंच बाजूला बसलेले. साहेबांनी जानूकडे बोट करून विचारलं, "हा कोण?" रावजीने सलाम ठोकला. "मेरा लडका, साब!"

साहेबांचा चेहरा उजळला. "मग झालं तर! पंचांसमोर त्याला मुलगा करून घ्या. मामलेदारांपुढे तसं सांगा. तुम्ही सैनिक, तो सैनिकाचा मुलगा. वसतिगृहात त्याची जागा पक्की."

बुधी हसली, रावजी हसला, मीही हसलो. एक कारभारी तेवढा हसला नाही. त्याने तोंडातली विडी काढली. "सायेब, पोर केला मंग तो चैतीचा भाऊस झाला ना? मंग लगीन कसां लावायचां?"

चैती दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली.

मी साहेबांना सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे बघा, खोटं मी करणार नाही. कागदावर मुलगा आणि घरात जावई, हे चालणार नाही. उद्या कुणी विचारलं तर वसतिगृहातल्या सगळ्या पोरांवर बालंट येईल. जोवर तो आमच्याकडे शिकतोय तोवर खरोखरीचा मुलगा पाहिजे. शिक्षण संपल्यावर तुमच्या पंचांनी काय करायचं ते तुमचे पंच जाणोत." कॉलेज सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते, आणि त्या जागेसाठी इतर तालुक्यांतले अर्ज साहेबांच्या टेबलावर पडले होते.

पंचांची बैठक झाली. त्यांच्या बोलीत, भराभर. रावजी एकदा उठून गेला, परत आला. जानू म्हणाला, "मना नको शिकायला," तेव्हा रावजीने त्याला जे सुनावलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. शेवटी कारभाऱ्याने तोड काढली. पंचांनी जे केलं ते पंचांना मोडताही येतं. जानूला आता मुलगा करायचं. तो शिकून आला की पंचांनी पुन्हा बसायचं, ते नातं मोडायचं, आणि मग लग्न लावायचं. पण मधली वर्षं नातं खरं पाहिजे, यावर साहेबांपेक्षा कारभारीच जास्त कडक. त्याने सांगितलं, पोरीने वाघदेवापुढे तांदूळ टाकून याला भाऊ म्हटलं पाहिजे.

वाघदेव म्हणजे शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड. तेव्हा आमच्या रानात वाघ खरोखरीचे होते, त्यामुळे त्या दगडाची चेष्टा कुणी करत नसे. त्याच्यापुढे खोटं बोललं तर बोलणाऱ्याला काही होत नाही, ज्याच्याबद्दल बोललं त्याला वाघ नेतो, अशी तिथली समजूत.

सगळे शिवेवर गेलो. साहेबही बूट काढून उभे राहिले. बुधीने मुलीच्या ओंजळीत तांदूळ दिले. चैतीला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. फक्त "म्हनशील ना?" एवढंच बुधीने विचारलं, आणि ती "म्हनीन" म्हणाली. तिने दगडावर तांदूळ टाकले, जानूकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "ह्यो माझा दादा."

पावसाच्या तोंडाशी मी जानूला मोखाडा-त्र्यंबकच्या वाटेने नाशिकला पोचवून आलो. वसतिगृहात पहिला महिनाभर त्याचं पोट दुखायचं. गव्हाची चपाती त्याच्या आतड्याला ओळखत नव्हती. रावजी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचं गाठोडं घेऊन गेला आणि तिथल्या आचाऱ्याला भाकरी थापायला शिकवून आला. आचारी साताऱ्याचा, त्याला वाटलं म्हातारा अपमान करतोय. पण नंतर आमच्या भागातली सगळीच पोरं त्या भाकरीवर तग धरू लागली. उच्च शिक्षण, उच्च शिक्षण म्हणतात, त्याचा निम्मा भाग हा असा पोटाचा असतो.

दोन वर्षं नाशिकला सायन्सची. मग मुंबईत गुरांच्या डॉक्टरीचं कॉलेज. ही सगळी वर्षं घरी काय चाललं होतं, ते मी येता-जाता बघत होतो. कॉलेज सुरू व्हायचं ते नेमकं नांगरणीच्या दिवसांत. बाईने नांगराला हात लावायचा नाही, त्यामुळे रावजी लंगडत एकटाच नांगरायचा आणि त्याची लावणी पाड्यात सगळ्यांच्या मागून व्हायची. बाकी सगळं, पेरणीआधी राब भाजून जमीन तयार करण्यापासून भात झोडपेपर्यंत, चैती आणि बुधी करत. चैतीला मागणी घालायला येत, त्यांना बुधी परत पाठवायची. "तिचां ठरलां हाये," म्हणायची. पाड्यावरच्या तिच्या वयाच्या पोरींच्या कडेवर लेकरं आली.

एकदा दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या दिवशी मी त्या बाजूला होतो. गुराखी पोरं वाघदेवाला नारळ फोडून गेली होती. चैती एकटी दगडापुढे बसलेली, मुठीत तांदूळ. मी विचारलं, "कुणासाठी गं?"

"दादासाठी."

मी हसलो. "अगं, इथे कोणी पंच नाही, कोणी साहेब नाही. नुसतं जानू म्हटलंस तरी चालेल."

ती हसली नाही. "वाघदेव ऐकतो ना," म्हणाली, आणि तांदूळ टाकून उठून गेली. दर वाघबारशीला ती हे करते, हे मला बुधीकडून नंतर कळलं. मला ते पोरकट वाटलं होतं.

जानू सुट्टीत आला की आधी जव्हारला माझ्याकडे यायचा. चहा प्यायचा, कॉलेजमधल्या घोड्यांच्या आणि म्हशींच्या गोष्टी सांगायचा आणि निघताना विचारायचा, "घरी बेस हायेत ना सगली?" मी हो म्हटलं तरी उभाच राहायचा. मग मी म्हणायचो, "चैतीही बरी आहे." तेव्हा कुठे तो निघायचा.

माझ्या नोकरीत पोरं पुष्कळ शिकली. कुणी मास्तर झाला, कुणी तलाठी, एका सैनिकाची मुलगी ठाण्याला नर्स झाली. पळून आलेलीही पुष्कळ, त्यांची नावं मी अहवालात शेवटी, बारीक अक्षरात लिहायचो. जानू आमच्या कचेरीचा अभिमान होता. आमच्या डोंगरातला पहिला गुरांचा डॉक्टर. साहेबांनी तर भाषणात त्याचा दाखला द्यायला सुरुवात केली होती. मोखाड्याच्या दवाखान्यात त्याची नेमणूक झाली तेव्हा मी पेढे वाटले. मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं की या सगळ्यात काही चुकलंय, तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

नोकरीवर रुजू होण्याआधी पंच बसायचे ठरले. रावजीने मला आवर्जून बोलावलं. सकाळी जव्हारहून जानू आणि मी बरोबरच निघालो. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने वाटेत एक लुगडं काढून मला दाखवलं. हिरवं, लाल काठाचं, मुंबईहून आणलेलं. "बेस हाये ना, हवालदार?" त्याने तीनदा विचारलं. एवढा बोलका तो मी कधी बघितला नव्हता.

अंगण सारवलेलं. ताडीची मडकी भरून ठेवलेली, बोकड बांधलेला. रावजी तोच कोट घालून बसला होता, आता तो त्याला सैल झाला होता. कारभारी फारच थकला होता, दोघांनी धरून आणला. सगळे मिळून शिवेवर गेलो. कारभारी म्हणाला, "रावजीनं पंचांसमोर पोर केला. आता पंच म्हनतात, आजपासून त्याचा नाता सुटला. पोरी, तांदूल मागं टाक न् बोल, ह्यो माझा भाऊस नाय."

चैती उठली. बुधीने तिच्या ओंजळीत तांदूळ दिले. ती दगडाकडे तोंड करून उभी राहिली, आणि उभीच राहिली. कारभाऱ्याला वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं.

"नाय होत माझ्यानं," ती म्हणाली.

रावजी ओरडला, "काय नाय होत? चार दानं टाकायचं!"

ती वळली. बापाकडे नाही, पंचांकडे नाही, जानूकडेच बघून बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"तुमी सगल्यांनी सांगलां, म्हनून मी वाघदेवापुढं दादा म्हनली. खोटी म्हनली असती तर वाघानं तुला नेला असता. तू तठं परमुलखात एकला. मंग मी खरी म्हनली. दर वाघबारशीला बसून खरी म्हनली. पयल्या सालाला लय जड गेलां. रोज रडू येई. मंग जमलां. आता उलटां होत नाय रे. मी बघलां करून."

बुधीने पदर तोंडाला लावला. कारभाऱ्याने तिला तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण त्याच्याच सांगण्यावरून हे झालं होतं आणि त्याच्याच सांगण्यात खोट काढायला जागा नव्हती. मला त्या वाघबारशीचं माझं हसू आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही शहाण्या माणसांनी पंचांचा तोडगा सोयीचा म्हणून धरला होता. त्या पोरीने तो खरा केला होता, आणि तोही जानूच्या जिवासाठी. आमच्या कचेरीची अट संपूर्ण तालुक्यात जर कुणी अक्षरशः पाळली असेल, तर तिने.

मला जानूची आली तेवढी कीव आयुष्यात कुणाची आली नसेल. मग त्याने पिशवी उघडली, लुगडं काढलं, त्याची घडी हाताने सारखी केली आणि तिच्यापुढे धरलं. त्या भागात बहिणीला बाय म्हणतात.

"घे, बाय," तो म्हणाला.

चैतीने तांदूळ बुधीच्या पदरात टाकले आणि दोन्ही हातांनी लुगडं घेतलं.

तो तसाच वळून जव्हारच्या वाटेला लागला. माझी पिशवी अंगणातच राहिली होती, तरी मी त्याच्या मागे निघालो. चार पावलं गेलो असू, तोच मागून चैतीची हाक आली.

"दादा, जेवून जा."

तो थांबला. मला वाटलं, आता हा काही मागे वळत नाही. पण तो वळला. आम्ही परत अंगणात आलो आणि पानावर बसलो. मी त्याच्या शेजारी होतो. त्याने पानावरचं एक शीतही टाकलं नाही, आणि ती वाढायला आली तेव्हा पुन्हा भात मागून घेतला.